एकाच छपराखालीं
(आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली हा आनंदाचा सण आहे, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही काळ आहे. पवित्र शास्त्रांत ज्युबिलीचें वर्ष म्हणजे गेलेली जमीन ज्याची त्यास परत मिळण्याचें वर्ष होय. म्हणून ज्यांची भूमि हिरावली गेली, अशा निर्वासितांविषयीं आज चार शब्द बोलण्याची मी आपली अनुज्ञा मागतों.

त्यासाठीं फार दूर जावयास नको. मिरजेहून कोल्हापुरास जातांना वळिवडें नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. १९४३ सालीं तेथें पोलंड देशांतील निर्वासितांची छावणी वसली. सुमारें पांच हजार माणसें, आणि त्यांत बहुतेक बायका व मुलें. १९४० व १९४१ सालीं सोव्हिएत सत्तेनें त्यांस घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलुखांत नेलें होतें. तेथून सुटल्यावर इराणमार्गें तीं हिंदुस्थानांत आलीं. छावणींत त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतें. ज्यांची प्रकृति खालावली होती, त्यांच्याकरितां आपल्या सातारा जिल्ह्यांत पांचगणी येथें आरोग्यकेंद्र होतें.

आतां हें ध्यानांत घ्या, कीं हे लोक आपले धर्मबंधु होते. मिस्सा तीच, जपमाळ तीच. आपण कॅथलिकांनीं त्यांच्यावर प्रेम केलें असेल, तर त्यांत विशेष तें काय? परंतु आसपासच्या शेतकऱ्याचा व त्यांचा धर्म एक नव्हता, भाषा एक नव्हती, वर्णही एक नव्हता. तरी त्या शेजाराची आठवण पोलिश मुलांनीं म्हातारपणापर्यंत जपली. कोल्हापुरांत महावीर उद्यानांत त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सा शहरांत कोल्हापूरचें स्मारक आहे.

१९४८ सालीं पोलिश लोक निघून गेले. त्याच छपरांखालीं सिंध प्रांतांतून फाळणीमुळें आलेलीं हिंदु कुटुंबें राहावयास आलीं. त्या वस्तीस गांधीनगर हें नांव पडलें. आज सातारा-सांगलीकडील घरीं लग्नाचा बस्ता काढावयाचा झाला, कीं पुष्कळांचीं पावलें त्याच गांधीनगराकडे वळतात. परंतु दोन्ही पाहुण्यांत एक मोठा भेद होता. पहिला परत जाणारा होता. दुसरा राहणारा होता. पहिल्याचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार सोशीत होतें. दुसऱ्यास आपल्याच बाजारांत, आपल्याच दुकानाशेजारीं दुकान थाटून पोट भरावयाचें होतें. जाणाऱ्या पाहुण्यावर प्रेम करणें सोपें आहे. राहणाऱ्याला शेजारी म्हणणें कठीण. ‘निर्वासित’ हा शब्द सिंधी माणसाच्या नांवास किती वर्षें चिकटून राहिला, हें आपणांपैकीं वडील मंडळींस ठाऊक आहे.

आतां आपण आपल्या खिशांतील मोबाईलकडे पाहूं. २०२२ सालीं युक्रेनमधील आया मुलांस कडेवर घेऊन सीमा ओलांडीत होत्या, तेव्हां त्यांचीं चित्रें पाहून आपण हळहळलों, प्रार्थना पाठविल्या. २०१७ सालीं म्यानमारमधून सुमारें सात लाख रोहिंग्या बांगलादेशांत पळून आले. त्यांतही आया होत्या, कडेवर मुलें होतीं. त्यांच्याविषयीं समाजमाध्यमांवर जें लिहिलें गेलें, तें येथें वाचून दाखविण्याजोगें नाहीं. आणि तें पुढें पाठविणाऱ्यांत आपण कोणीच नव्हतों, असें छातीवर हात ठेवून म्हणतां येईल काय?

हा दोष केवळ आपलाच नाहीं. ज्या पोलंडचीं लेंकरें वळिवड्यास वाढलीं, त्याच देशानें २०२२ सालीं लाखों युक्रेनवासीयांस आपलीं दारें उघडलीं. परंतु एकच वर्ष आधीं, २०२१ सालीं, बेलारूसच्या सीमेवर जंगलांत अडकलेल्या इराकी, सिरियन व अफगाण लोकांस माघारें लोटलें. पोलंडला नांवें ठेवण्याकरितां मी हें सांगत नाहीं. आरशांत दुसऱ्याचा चेहरा दिसला, तरी आपला दिसत नाहीं असें नव्हे. आपण गरज पाहून दार उघडीत नाहीं; सारखेपणा पाहून उघडतों.

कोणी म्हणेल, परक्यांत दुष्टही असतात, आणि देशाचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्य आहे. खरें आहे. कोणास राहूं द्यावें, कोणाची चौकशी करावी, हें ठरविण्याचें काम राज्यकर्त्यांचें. तें विवेकानें व्हावें. परंतु उपाशी मुलाची थट्टा करण्याचा अधिकार त्यावरून कोणालाच मिळत नाहीं. आपल्या जिभेचा व बोटांचा हिशेब सरकार देणार नाहीं. तो आपणांसच द्यावा लागेल. न्यायाच्या दिवशीं प्रभु जें विचारणार आहे, त्यांत परक्यास घरांत घेतलें कीं नाहीं, हा प्रश्न आहे. तो परका कोणत्या धर्माचा होता, हा प्रश्न त्यांत नाहीं.

ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णामाई कोपली आणि सांगलीचीं हजारों माणसें घरदार सोडून शाळांत व मंगल कार्यालयांत निजलीं. त्या रात्रीं भाकरी वाढणाऱ्यानें आधीं धर्म व जात विचारली असती, तर ती भाकरी घशाखालीं उतरली असती काय?

पवित्र सभेची शिकवण स्पष्ट आहे. पोप बारावे पायस यांनीं १९५२ सालीं आपल्या पत्रांत इजिप्तकडे पळून गेलेलें नाझरेथचें पवित्र कुटुंब सर्व निर्वासितांचा आदर्श म्हणून जगापुढें ठेवलें. पोप फ्रान्सिस १ डिसेंबर २०१७ रोजीं ढाका येथें रोहिंग्यांस भेटले, आणि ज्यांनीं त्यांना छळलें त्यांच्या वतीनें त्यांनीं क्षमा मागितली. योसेफ रात्रीं उठून बाळाला व आईला घेऊन निघाला, तेव्हां इजिप्तमध्यें त्याचा धर्मबंधु नसलेल्या कोणीतरी त्यास पाणी दिलें असेलच.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त आपण एक लहानसा संकल्प करूं. निर्वासितांविषयीं कांहीं निरोप आला, तर तो पुढें धाडण्यापूर्वीं स्वतःस विचारूं: हें खरें आहे काय? आणि ती आई समोर उभी असती, तर तिच्या तोंडावर मी हें बोललों असतों काय? उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर बोट मागें घेऊं, आणि त्या आईसाठीं एक ‘नमो मरिये’ म्हणूं.

पवित्र मरिया, निर्वासितांची माता, आपणां सर्वांसाठीं विनंती करो. आमेन.