आयोग कोणाच्या घरचा?



कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ ही त्रयी आपण शाळेतच पाठ केली. मग निवडणूक आयोगास यांपैकी कोणाच्या पंक्तीस बसवावयाचे? पक्ष फुटला की चिन्ह कोणाचे याचा निवाडा तो करतो. निवडणुकीच्या कामापुरते सरकारी नोकरही त्याच्याच हुकमतीखाली येतात. थोडा न्यायाधीश, थोडा प्रशासक, आणि तरीही त्या दोहोंच्या घरचा नव्हे!

त्याच्या जन्माची हकीकत तुम्हा-आम्हा परप्रांतवासीयांनी तरी विसरू नये. घटनेच्या मूळ मसुद्यात प्रांतोप्रांती वेगळे आयोग योजिले होते. ती योजना बदलताना १५ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत कारण सांगितले, ते असे की, काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने वा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदारयादीत येऊच नयेत, अशी व्यवस्था तेथील सरकारे करीत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून सर्व देशासाठी एकच आयोग, आणि तो प्रांतिक सरकारांच्या हाताबाहेरचा. आपल्यासारख्यांचे नाव यादीत राहावे, ही चिंता त्याच्या मुळाशी आहे.

मुख्य आयुक्तास पदावरून दूर करणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास दूर करण्याइतकेच कठीण केले गेले. नेमणुकीचे दार मात्र उघडेच राहिले. नेमणुकीस संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताची संमती असावी, ही शिब्बनलाल सक्सेना यांची सूचना स्वीकारली गेली नाही. सरकारच्या मुठीतला माणूस तेथे येऊ नये अशी तरतूद मसुद्यात नाही, हे मात्र डॉ. आंबेडकरांनी स्वतःच मान्य केले.

नेमणुकीचा कायदा संसदेने करावयाचा होता. सत्तर वर्षांहून अधिक काळ कोणत्याच पक्षाच्या सरकारला त्याची निकड भासली नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होईपर्यंत, पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश यांची निवड समिती ठरविली. डिसेंबरात कायदा झाला, आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री आला. तिघांत दोघे सरकारचे!

आपल्या मंडळातच पाहा ना. खर्च कार्यकारिणी करते, पण हिशेबतपासनीस सर्वसाधारण सभा नेमते. तो चिटणीसांनी आपल्या मर्जीने नेमला असता, तर आपण ताळेबंद मंजूर केला असता काय?