रात्रपाळी शून्य नसते

(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलवतात. आज कविता नाही. आज कॉम्प्युटरच्या कोडबद्दल बोलणार आहे. हसा खुशाल. दहावी पास गोदी मजूर कोडबद्दल काय बोलणार, असं तोंडावर विचारणारे मला भेटलेत. पण गंमत बघा. या सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका गाजलेल्या अवजाराचं नावच डॉकर आहे. २०१३ साली आलं. चिन्ह काय, तर देवमासा आणि त्याच्या पाठीवर रचलेले कंटेनर. डॉकर म्हणजे गोदी कामगार. नाव आमचं, काम आमचं, आणि चित्रात माणूस एकही नाही. म्हणून म्हटलं, आपणच जाऊन बोलावं.

आमच्या टोळीत १४ माणसं, सगळी ठेक्यावर. हजेरी मुकादमाच्या वहीत आणि पैसे ठेकेदाराच्या मर्जीत. महिना संपला की ओव्हरटाइमचे तास कमी निघायचे. विचारलं तर म्हणायचे, वहीत आहे तेवढंच. वही त्यांची, पेन त्यांचा. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून थोडी जावास्क्रिप्ट शिकलो होतो. ठरवलं, आपलं एक पान बनवायचं. माणूस आला किती वाजता, गेला किती वाजता, तास किती, पैसे किती. बस्स.

आता अवजारांचं सांगतो. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक नावाच्या माणसानं मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली. घाईचं बांधकाम, भिंती वाकड्या. पण ती आज तुमच्या खिशातल्या फोनच्या ब्राउझरमध्ये आयती बसलेली आहे. फी नको, परवाना नको, कुणाची शिफारस नको. आपल्यासारख्यांना याच्यापेक्षा उघडं दार दुसरं कुठलं? पण शिकायला जा, दारातच दुकानं लागलेली. आधी नोड टाका, एनपीएम टाका, रिअ‍ॅक्ट टाका. काल वेबपॅक चालायचं, आज व्हीट चालतं. पोरगं सहा महिने अवजारांची नावं पाठ करतं आणि साधा हिशेब लिही म्हटलं की गप्प.

मीही फसलो. एआयला सांगितलं, टोळीच्या तासांचं पान करून दे. त्यानं आधी रिअ‍ॅक्टचा अख्खा संसार मांडला. हजारो फायली उतरल्या आणि माझा दिवसाचा डेटा तिथंच संपला. १४ माणसांच्या हजेरीसाठी! अवजारांना मी शिव्या देत नाही. जिथं पन्नास माणसं एकाच कोडवर काम करतात तिथं ती लागतातच. पण जहाजावर चढवलेल्या मालाची यादी नको का आपल्याजवळ?

मार्च २०१६ ची गोष्ट. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरचं एनपीएमशी एका नावावरून भांडण झालं. त्याच्या पॅकेजचं नाव एका कंपनीला हवं होतं आणि एनपीएमनं ते कंपनीला देऊन टाकलं. हा चिडला. आपलं सगळं सामान उचलून निघून गेला. त्यात लेफ्ट-पॅड नावाचा ११ ओळींचा तुकडा होता. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. पण मोठमोठे प्रकल्प त्याच्यावर उभे होते आणि ते पटापट अडकले. शेवटी एनपीएमनं तो तुकडा परत जागेवर ठेवला. बड्या बड्या कंपन्यांचा डोलारा एका माणसाच्या फुकटच्या ११ ओळींवर, आणि त्या माणसाची त्यांना आठवणसुद्धा नव्हती. हे ऐकलं तेव्हा मला परकं वाटलं नाही. शहर कुणाच्या पाठीवर चालतं ते गटारवाला सुट्टीवर गेला की कळतं.

पुढं ऐका. मी एआयला म्हटलं, पसारा नको, एकच साधी फाइल दे. मिनिटात दिली. ७० ओळी, देखणं पान. टोळीत सगळे खूश. महिनाभर तास भरले. मग आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कामगारानं पान बघितलं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, "पोरा, माझ्या रात्री कुठं गेल्या?"

मामांना लिहिता येत नाही. पण घरच्या कॅलेंडरवर ते रात्रपाळीला टिंब देतात. नऊ टिंबं होती. पानावर त्या नऊही रात्रींचे तास शून्य.

मी कोड वाचायला बसलो. हिशेब असा होता: जायच्या वेळेतून यायची वेळ वजा कर. दिवसपाळीला ठीक. पण रात्री ११ ला आलेला माणूस सकाळी ७ ला जातो. ७ वजा २३, उत्तर उणे १६. आणि खाली मशीननं शहाणपणानं एक ओळ घातलेली: उत्तर उणे आलं तर शून्य धर. ना तक्रार, ना लाल अक्षर. माणूस रात्रभर लोखंडाच्या कॉइलखाली उभा आणि पान म्हणतंय, हा आलाच नव्हता. च्यायला, ठेकेदाराच्या वहीत आणि माझ्या पानात फरक काय राहिला? दुरुस्ती एका ओळीची होती. उणे आलं तर २४ मिळव. पण ती ओळ लिहायला आधी रात्रपाळी ठाऊक असावी लागते, आणि मशीननं लिहिलेलं वाचता यावं लागतं. मला आधीच वाचता येत होतं. मी वाचलं नव्हतं. ही चूक मशीनची नाही, माझी.

ही गफलत माझ्यासारख्या नवख्याचीच होते असं नाही. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रामरांना २४६ कामं दिली, काही एआयसकट, काही एआयशिवाय. काम झाल्यावर त्यांना वाटलं, एआयनं आपला २० टक्के वेळ वाचला. घड्याळ सांगत होतं, १९ टक्के जास्त लागला. अवजारं सुधारतील, आकडे बदलतील. पण आपलं काम किती झालं हे आपल्याला कळेनासं झालं, तर मजुरी कशी मागणार?

आणि या मशीनमागं हात नाहीत असं समजू नका. टाइम नियतकालिकानं जानेवारी २०२३ मध्ये छापलं, की चॅटजीपीटीच्या मजकुरातली घाण ओळखायचं काम केनियातल्या कामगारांकडून तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीत करून घेतलं. घाण कुणी उपसायची हे ठरलेलंच असतं. देश बदलतो, एवढंच.

यंत्र नको असं मी म्हणत नाही. पाठीवर गोणी वाहिलेला माणूस तसं म्हणणार नाही. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीनच्या आयडियल-एक्स जहाजानं न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर नेले आणि जगातल्या गोद्यांचं काम बदललं. आपल्याकडं १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा धंदा खाडीपलीकडं गेला. पाठी वाचल्या, खरं आहे. पण वाचलेल्या पाठीचा पैसा कुणाच्या खिशात गेला? माझे आजोबा १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखालचे नोंदणीचे कामगार होते. नातू ठेक्यावर आहे.

आता तोच खेळ कोडमध्ये चाललाय. नव्या पोराला साधं काम देऊन शिकवायचे, ते काम मशीनकडं चाललं. आणि आपली पोरं आत्ता कुठं त्या दारात पोचलीत. म्हणून सांगतो. भाषा आधी शिका, अवजारं नंतर. मशीनकडून लिहून घ्या, पण जी ओळ वाचता येत नाही ती वापरू नका. आणि जे बनवाल ते आधी आपल्या माणसांसमोर ठेवा, मामांसारख्या टिंबं मोजणाऱ्यांसमोर. कंपनीच्या चाचणीत जे सापडत नाही ते त्यांना सापडतं.

त्या पानाचा कागद छापून आम्ही १४ जण ठेकेदाराकडं गेलो. निम्मे तास त्यानं मान्य केले. उरलेल्या निम्म्यांचं भांडण चालू आहे. फाइल माझ्या फोनमध्ये आहे, ७१ ओळींची. ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जा. पण बसून वाचा, आणि चूक सापडली तर मला येऊन सांगा.

जय भीम.