फळाचा मऊपणा : संप्रेरकाचा संदेश आणि पेशीभित्तिकेची फेररचना



कोकणात पूर्ण वाढ झालेले हिरवे आंबे उतरवून गवताच्या अढीत घातले जातात. काही दिवसांतच कठीण फळ मऊ, रसाळ आणि सुगंधी होते. झाडापासून तुटलेल्या फळाला या काळात अन्न वा पाणी मिळत नाही. घडते ते सारे त्याच्या स्वतःच्याच पेशींत. हा मऊपणा ग्राहकाला हवा असतो. पण तोच वेळेआधी आला, तर फळ वाहतुकीत दबते, सडते आणि उत्पादकाचे नुकसान होते. त्यामुळे मऊपणाचे नियमन हा वनस्पतिशास्त्राचा तसाच कृषी अर्थकारणाचाही प्रश्न आहे.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती भित्तिका असते. सेल्युलोजचे चिवट तंतू हा तिचा सांगाडा. हेमिसेल्युलोजच्या साखळ्या या तंतूंना लगटून असतात, तर पेक्टिन मधल्या जागा भरते आणि शेजारच्या पेशींना परस्परांशी चिकटवून ठेवते. ही भित्तिका निर्जीव तटबंदी नव्हे. वाढताना आणि पिकताना तिची फेररचना होते. ती विकरे व अन्य प्रथिने घडवून आणतात आणि त्यांना आदेश देण्याचे काम संप्रेरके करतात.

वाढीच्या काळातील प्रमुख संप्रेरक म्हणजे ऑक्सिन. त्याच्या प्रभावाने पेशीपटलातील प्रोटॉन पंप कार्यरत होतात आणि भित्तिकेतील आम्लता वाढते. आम्ल स्थितीत एक्स्पान्सिन ही प्रथिने साखळ्यांमधील बंध सैल करतात. पेशीतील पाण्याच्या दाबाने भित्तिका ताणली जाते व पेशी वाढते. ‘आम्ल-वृद्धी’ म्हणून ओळखली जाणारी ही क्रिया संयमित असते. भित्तिका सैल होते, पण मोडत नाही.

पिकताना मात्र ती अंशतः मोडावीच लागते. आंबा, केळी, पपई, टोमॅटो या फळांत हा आदेश इथिलीन हे वायुरूप संप्रेरक देते. इथिलीन नसताना पेशीतील ग्राही प्रथिने पुढील संदेशसाखळी रोखून धरतात. इथिलीन त्यांना जोडले गेले की हा अडसर दूर होतो आणि केंद्रकातील संबंधित जनुके कार्यान्वित होतात. इथिलीन स्वतःच्या निर्मितीलाही चालना देते. म्हणूनच अढीतील एक पिकलेले फळ शेजारच्या फळांनाही पिकवते. द्राक्षे, डाळिंब व संत्री यांत अशी इथिलीनची लाट येत नाही. ती तोडल्यावर फारशी पिकत नाहीत.

जागृत जनुकांतून विकरांचा एक संचच तयार होतो. पेक्टिन मेथिलएस्टरेज पेक्टिनवरील मेथिल गट काढते. त्यामुळे पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज व पेक्टेट लायेज यांना पेक्टिनच्या साखळ्या तोडणे सुकर होते. अन्य विकरे हेमिसेल्युलोजवर काम करतात. पेशींमधील बंध ढिले होतात आणि फळ मऊ पडते.

यांपैकी एकच विकर रोखले तर? अमेरिकेत १९९४ मध्ये बाजारात आलेल्या ‘फ्लेवर सेव्हर’ टोमॅटोत पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजची निर्मिती दाबलेली होती. तथापि फळाचे मऊ होणे अपेक्षेइतके थांबले नाही. त्यात खर्चाच्या अडचणींची भर पडली आणि काही वर्षांतच हा वाण मागे पडला. पुढे २०१० मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी प्रथिनांना जोडलेल्या शर्करासाखळ्यांवर क्रिया करणारी दोन विकरे दाबून टोमॅटोचे टिकण्याचे आयुष्य सुमारे ३० दिवसांनी वाढवून दाखवले. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये पेक्टेट लायेज रोखून अधिक घट्ट टोमॅटो मिळवला. त्याच्या रंगात वा चवीच्या घटकांत लक्षणीय फरक पडला नाही. कोणते विकर रोखले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते, हे या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

व्यवहारात मात्र आजही मुख्य उपाय संप्रेरकाचा संदेश हाताळणे हाच आहे. थंड साठवणुकीत इथिलीनची निर्मिती व विकरांची गती दोन्ही मंदावतात. मात्र केळी १३ अंश सेल्सिअसच्या बरीच खाली ठेवल्यास त्यांना शीतबाधा होते. उलट, फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरले जाते, तेव्हा त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनची नक्कल करतो. त्यात आर्सेनिक व फॉस्फरसची अशुद्धी असू शकते. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार अशा रीतीने पिकवलेल्या फळांच्या विक्रीस मनाई आहे. २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पिकवण कक्षात दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरण्यास मान्यता दिली.

तरीही संदेशाला मर्यादा आहे. फळ झाडावर पूर्ण तयार झालेले नसेल, तर इथिलीन त्याला रंग व मऊपणा देईल. पण न साठलेली गोडी कोठून आणणार? पाड लागण्याची वाट पाहून आंबे उतरवणाऱ्या बागायतदाराच्या अनुभवामागे हेच शास्त्र आहे. संप्रेरक काळ ठरवते, विकरे काम करतात आणि फळाची प्रत त्याच्या झाडावरील वाढीतून येते. काढणी, साठवण आणि पिकवण यांचे नियोजन या तिन्हींचे भान ठेवून झाले, तरच उत्पादक व ग्राहक दोघांचेही हित साधेल.