पवईची सहल

महात्मा फुले मंडईंतील, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटांतील, खरेदी लवकर आटोपली, तर गृहस्थानें सहकुटुंब पवईची वाट धरावी. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवरून धीमी लोकल कांजुरमार्गास पोंचविते. तेथून बेस्टची बस तलावाकडे जाते. मोटारीची गरज नाहीं.

मुंबईची तहान भागविण्यासाठीं १८९१ मध्यें हा तलाव सिद्ध झाला. परंतु पाणी पिण्यास अयोग्य ठरलें. आज त्यांत मगरी आहेत. आणि जलपर्णी व सांडपाणी यांनीं त्याचा श्वास कोंडतो. बसच्या खिडकींतून दिसलेला तलाव घरीं पोंचेपर्यंत विसरला जातो. म्हणून उतरावें, मुलांसह कांठावर घटकाभर बसावें. ज्या जलाशयास पाहणारे असतात, त्यासच राखणारे लाभतात.