सारायेव्होचें घड्याळ

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, युरोपांतील एका शहरांत भर बाजारपेठेंत उंच दगडी मनोरा आहे. जून महिन्यांत प्रवाशाच्या मनगटावर सायंकाळचे साडेआठ वाजलेले असतां मनोऱ्यावरील घड्याळांत मात्र बारा वाजत आहेत. प्रवासी हंसतो, त्यास वाटतें, घड्याळ बिघडलें. पण तें बिघडलेलें नाहीं. सूर्य मावळला, जुना दिवस संपला, एवढेंच तें सांगत आहे. हें शहर म्हणजे बोस्नियाची राजधानी सारायेव्हो.

आपल्याकडे वार सूर्योदयापासून मोजतात. इस्लामी परंपरेंत दिवसाचा आरंभ सूर्यास्तानें होतो. पहांट, मध्यान्ह, तिसरा प्रहर, सूर्यास्त आणि रात्र या नमाजाच्या पांचही वेळा सूर्याच्या गतीवर ठरतात. मुंबईंत सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत सुमारें सवादोन तासांचें अंतर पडतें. सारायेव्हो पुष्कळ उत्तरेस आहे. तेथें उन्हाळ्याचा दिवस सुमारें साडेपंधरा तासांचा, तर हिवाळ्याचा जेमतेम नऊ तासांचा. त्यामुळें हें घड्याळ वारंवार हातानें जुळवावें लागतें. जुळविणाऱ्यास तेथें 'मुवक्कित' म्हणतात. मराठींतील 'वखत' या शब्दाचेंच हें भावंड होय.

मनोऱ्याशेजारची मशीद उस्मानी सुभेदार गाझी खुस्रेव बेग यानें १५३१ च्या सुमारास बांधविली. तिच्याबरोबर त्यानें मदरसा, ग्रंथालय, अन्नछत्र, हमामखाना व बाजार यांचीही सोय लावून दिली. बाजाराच्या उत्पन्नांतून धर्मादाय चालावा, ही योजना. १८५९ मध्यें मशिदीच्या आवारांत वेळ निश्चित करण्यासाठीं स्वतंत्र वास्तु झाली. तेथील मुवक्कित सालिह सिद्की यांनीं बोस्नियाचा इतिहासही लिहिला. पुढें मनोऱ्यास जें यंत्र बसविलें, तें लंडनमध्यें बनलेलें! आज नमाजाच्या वेळा छापील 'तक्विमां'त घरोघरीं मिळतात. तरी घड्याळ जुळविण्याचा परिपाठ सुटलेला नाहीं.

रमजानांत सूर्यास्ताच्या सुमारास भट्टीपुढें रांग लागते. कलौंजी पेरलेली 'सोमून' नांवाची गरम रोटी हातांत घेऊन माणसें घराकडे वळतात. टेकडीवरील पिवळ्या बुरुजावरून तोफेचा बार होतो, मिनारांवर दिवे लागतात, आणि घरोघरीं उपास सुटतो.

याच बाजारापासून थोड्या पावलांवर यहुद्यांचें जुनें प्रार्थनामंदिर, ऑर्थोडॉक्स पंथाचें चर्च व १८८९ चें कॅथॉलिक कॅथीड्रल आहे. यहुद्यांचा शब्बाथही शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो. कॅथॉलिकांचा नाताळ २५ डिसेंबरास, ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीस. पंचांगें निराळीं असल्यामुळें शेजाऱ्याच्या सणास जावयास सवड मिळे.

या शेजारधर्माची कठोर परीक्षा १९९२ ते १९९६ च्या वेढ्यांत झाली. तोफगोळ्यांनीं मशिदीची हानि झाली, राष्ट्रीय ग्रंथालय जळालें, सहस्रावधि लोक मेले व पुष्कळ कुटुंबें कायमचीं गांव सोडून गेलीं. मशीद पुन्हा नीट करण्यांत आली. गेलेले शेजारी मात्र सर्व परत आले नाहींत.

यंत्र कितीहि उत्तम असलें, तरी सारायेव्होचें घड्याळ एकदां लावून भागत नाहीं. तें पुनःपुन्हा सूर्याशीं जुळवावें लागतें. शेजारधर्माचेंही असेंच आहे. पूर्वजांनीं तो एकदां लावून दिला म्हणून वंशजांची सुटका होत नाहीं.