रक्तदान : पुढे ओढता न येणारी शिल्लक

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अहवालातील जमाखर्चाची पाने आपण पाहिलीच असतील. वर्षअखेरीस उरलेली शिल्लक आम्ही रीतीप्रमाणे पुढील वर्षात ओढतो. रुग्णालयाच्या कारभारात मात्र एक ठेव अशी आहे की, जिची शिल्लक पुढे ओढता येत नाही. ती ठेव म्हणजे रक्त. तांबड्या पेशींची पिशवी शीतपेटीत २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात जपली, तरी पिशवीतील द्रावणानुसार ती ३५ ते ४२ दिवसच टिकते. प्लेटलेट्सचे आयुष्य तर अवघे ५ दिवसांचे. मुदत संपली की दात्याने कितीही सद्भावनेने दिलेले रक्त नष्ट करावे लागते. आज रक्तदानाविषयी आणि विशेषतः कोविडच्या साथीत ते सुरक्षितपणे कसे करता आले याविषयी बोलताना हे एक सत्य आपण ध्यानी ठेवावे, अशी विनंती आहे.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून उपनगरी लोकलसेवा सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नवी मुंबईतील रक्तदान शिबिरे प्रामुख्याने महाविद्यालये, ऐरोली-महापे पट्ट्यातील कंपन्या आणि सार्वजनिक मंडळे यांच्या बळावर चालत. ही सर्व दारे एकाच आठवड्यात मिटली. मे महिन्यात वाशीची कृषी उत्पन्न बाजार समितीही संसर्गामुळे आठवडाभर बंद ठेवावी लागली. वाशीच्याच सिडको प्रदर्शन केंद्रात पुढे कोविड रुग्णांच्या खाटा लागल्या. ज्या शहरात माणसे शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाण्यास कचरत होती, तेथे रक्त देण्यासाठी घराबाहेर या, असे कोणत्या तोंडाने सांगावे, हा प्रश्न आम्हा सर्वांपुढे उभा होता.

लांबणीवर टाकता येण्याजोग्या शस्त्रक्रिया त्या काळात लांबणीवर गेल्या, हे खरे. परंतु प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळेबंदी संपण्याची वाट पाहत नाही. कर्करोगावरील औषधांनी ज्याच्या प्लेटलेट्स खालावल्या आहेत, त्या रुग्णाला पुढील महिन्याची तारीख देता येत नाही. थॅलेसेमिया असलेल्या बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते, आणि तेही जन्मभर. अशा मुलाच्या मातापित्यांसाठी टाळेबंदीचा प्रत्येक पंधरवडा ही एक स्वतंत्र परीक्षा होती. आजच्या सभेत बसलेल्या काही कुटुंबांना हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या वेळी लोकांच्या मनात दोन शंका होत्या. रक्त दिल्याने आपल्याला आजार जडेल काय, ही पहिली; आणि आपल्या रक्तातून तो रुग्णाला जाईल काय, ही दुसरी. कोविडचा विषाणू मुख्यतः श्वसनमार्गातून पसरतो. रक्त चढविल्यामुळे तो एखाद्यास जडल्याचे सिद्ध उदाहरण आढळलेले नाही. रक्त घेण्याची सुई व पिशवी निर्जंतुक असते व एकदाच वापरली जाते. धोका होता तो रांगेचा, बंद सभागृहाचा आणि चहाच्या टेबलाभोवती जमणाऱ्या घोळक्याचा. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने मार्च २०२० मध्येच यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. रक्तसंकलन चालू ठेवावे, पण गर्दी टाळावी, असा त्यांचा आशय होता.

आपल्या रुग्णालयाची स्वतःची रक्तपेढी नाही. परवानाधारक रक्तपेढीच्या साहाय्याने आपण शिबिरे भरवितो. त्या वर्षी आम्ही शिबिराची सर्व घडीच बदलली. दात्यांची नावे दूरध्वनीवरून आधी नोंदवून प्रत्येकास वेळ ठरवून दिली. सर्दी, खोकला, ताप, बाधिताशी आलेला संपर्क आणि नुकताच झालेला परदेश प्रवास यांची विचारपूस घरी असतानाच केली, जेणेकरून ज्यांनी येऊ नये त्यांना प्रवेशद्वारापर्यंतही यावे लागू नये. खाटा थोड्या ठेवल्या व त्यांत सहा फुटांचे अंतर राखले. खिडक्या उघड्या ठेवल्या. प्रत्येक दात्यानंतर खाट पुसून घेतली. मुखपट्टी दात्यालाही होती आणि कर्मचाऱ्यालाही. अल्पोपाहार बंद पाकिटात दिला आणि विश्रांतीची जागा मोकळ्या हवेत ठेवली. घरी गेल्यावर पुढील १४ दिवसांत ताप अथवा खोकला आल्यास तत्काळ कळवावे, असे प्रत्येकास बजावले. कोविडमधून बरे झालेल्यांना २८ दिवस थांबण्यास सांगितले. दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणे यांना त्या शिबिरांत जागा नव्हती, आणि त्यावाचून काहीही अडले नाही.

२०२१ मध्ये वेगळीच अडचण उभी राहिली. त्या वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय परिषदेने लशीच्या शेवटच्या मात्रेनंतर २८ दिवस रक्तदान करू नये असे ठरविले. १ मेपासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली होणार होती आणि हाच तरुण वर्ग रक्तदात्यांचा कणा आहे. म्हणून ‘आधी रक्तदान, मग लसीकरण’ असे आवाहन राज्यभर झाले. पुढे मे महिन्यात हा काळ प्रत्येक मात्रेनंतर १४ दिवसांवर आणला गेला. नियम ज्ञानानुसार बदलतात. बदललेला नियम दात्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे, हे आयोजकाचे काम ठरते.

या काळात महाराष्ट्राने एक सुंदर उदाहरणही घालून दिले. २०२० च्या गणेशोत्सवात लालबागचा राजा मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता ‘आरोग्योत्सव’ साजरा केला आणि रक्तदान व प्लाझ्मादान शिबिरे भरविली. प्लाझ्मा उपचार अपेक्षेइतका उपयुक्त न ठरल्याने मे २०२१ मध्ये राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळण्यात आला. रक्तदानाची गरज मात्र साथीच्या आधी होती तशी साथीनंतरही राहिली आहे.

स्नेहीजनहो, आपला समाज रक्त देण्यात कृपण नाही. ११ जुलै २००६ रोजी लोकलमध्ये बाँबस्फोट झाले, तेव्हा मुंबईत रक्तदात्यांच्या रांगा लागल्या होत्या. परंतु आपली करुणा पुरासारखी येते आणि रुग्णाची गरज नळाच्या धारेसारखी रोजची असते. एका जयंतीच्या दिवशी शेकडो पिशव्या जमतात आणि दीड महिन्यानंतर एप्रिल-मेच्या सुट्टीत, महाविद्यालये ओस पडली व लोक गावी गेले की, त्याच रक्तपेढीत नातेवाइकांना रिकाम्या हाती परतावे लागते. साथीने गर्दी करण्यास मनाई केली, तेव्हा आम्हाला लहान शिबिरे वारंवार घ्यावी लागली. नाइलाजाने स्वीकारलेली ही पद्धत रक्ताच्या अल्प आयुष्याशी अधिक जुळते, हे त्यातून उमगले. वर्षातून एकदा मोठे शिबिर घेण्यापेक्षा दरमहा एक लहान शिबिर रुग्णाच्या अधिक उपयोगी पडते.

दुसरी शिकवण सचोटीची आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपेटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तरीही संसर्गानंतरचे काही दिवस असे असतात की, चाचणीला तो सापडत नाही. तेथे दात्याचे खरे उत्तर हीच रुग्णाची ढाल असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास देशात बंदी आली, ती याच कारणास्तव. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतील एका शिबिरात दात्यांना किलोभर चिकन अथवा पनीर देण्याची घोषणा झाली होती. हेतू चांगला असेल. तथापि भेटवस्तूच्या ओढीने आलेला मनुष्य आपला आजार सांगेलच, याची हमी कोण देणार? प्रश्नावली वाचून ‘आज मी देत नाही’ असे म्हणून परत फिरणारा गृहस्थही आमच्या दृष्टीने रुग्णाचा हितकर्ताच आहे.

आता आमची विनंती. आपल्या गृहनिर्माण संस्थेने, कार्यालयाने अथवा मंडळाने वर्षातील एक महिना निवडून आम्हाला कळवावा. शक्य तर एप्रिल, मे किंवा दिवाळीच्या सुट्टीचा काळ निवडावा. १८ ते ६५ वयाची (प्रथमच देत असल्यास ६० पर्यंतची), किमान ४५ किलो वजनाची आणि १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषांनी दोन वेळांत ९० दिवसांचे, तर स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर राखावे. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा असे घटक वेगळे होऊन ते तीन रुग्णांपर्यंत पोहोचू शकतात.

आपल्या देणगीतून खाटा आल्या, यंत्रे आली, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोतच. बारा महिन्यांच्या या यादीत आपले नाव कोणत्या महिन्यापुढे लिहावे, एवढे मात्र आज जाण्यापूर्वी प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या नोंदवहीत सांगून जावे.