किल्ल्या ज्याच्या हातात, त्याचा जीव

(बडोद्यात मराठी तरुणांसमोर केलेलं भाषण)



तुरुंग म्हटलं की सीमाभागातल्या आपल्याला हिंडलगा आठवतं, तिथे राहिलेले सत्याग्रही आठवतात. आज मात्र मला गजांच्या बाहेर किल्ल्या घेऊन उभ्या असलेल्या शिपायाबद्दल बोलायचंय. माझे मामा तुरुंगात शिपाई होते. ते रात्रपाळीला निघाले की मामी दारात येऊन एवढंच म्हणायची, "जपून राहा."

म्हणूनच 'ड्युटीवरच्या तुरुंग कर्मचाऱ्याला मारणाऱ्याला फाशीच द्या' ही मागणी मला कळते. पण हा उपाय आपल्याकडे करून झालाय. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३०३ होतं. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर शिक्षा एकच, फाशी. अशा कैद्याला गमावण्यासारखं काही उरत नाही, मग त्याच्यापासून तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांना वाचवायचं कसं, हा त्यामागचा मुख्य विचार. १९८३ मध्ये मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते कलम घटनाबाह्य ठरवलं. सरन्यायाधीश होते आपले यशवंत चंद्रचूड. खून कोणत्या परिस्थितीत झाला हे न बघता न्यायाधीशाला फाशी द्यायला लावणं न्यायाचं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०४ आलं. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशी, नाहीतर मरेपर्यंत तुरुंग. म्हणजे कडक शिक्षा आजही आहे. पण देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांना हे कलम लागूच होत नाही. त्यांच्यासाठी खुनाचं नेहमीचं कलम १०३. आणि धोका काय फक्त आतूनच असतो? १९९९ मध्ये लखनौच्या तुरुंग अधीक्षकांना राजभवनाजवळ, भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या.

मित्रांनो, शिक्षा येते ती खून झाल्यावर. मामांना रात्री धीर वाटायचा तो सोबत दुसरा शिपाई असला की. कलम कडक करायचं तर जरूर करा, पण निवड न्यायाधीशाकडे राहू द्या. त्याआधी शिपायांची रिकामी पदं भरा आणि कच्च्या कैद्यांचे खटले निकाली काढा. मामीला मामा सकाळी घरी यायला हवे होते. मागणी करताना एवढं लक्षात ठेवूया.